कोरड्या त्वचेचे अर्थकारण आणि औषधी मलमांचा विवेक

दिवाळी आटोपते, तापीच्या खोऱ्यात उत्तरेकडील कोरडे वारे वाहू लागतात आणि खानदेशात दोन चिंता बरोबरच सुरू होतात. रावेर-यावलच्या केळी-बागायतदाराला थंडीत बाग कशी तगवावी याची काळजी पडते. आणि घरोघरी ओठ फुटणे, टाचांना भेगा पडणे, नडग्यांवर पांढुरके पापुद्रे सुटणे यांस आरंभ होतो. हिवाळ्यात धुळ्याचे नाव राज्यातील नीचांकी तापमानाच्या गावांत वरचेवर येते, आणि उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो. पावसाळ्याचे चार महिने वगळले, तर या प्रदेशातील हवा माणसाच्या अंगातील ओलावा सतत शोषून घेत असते. कापूस वेचणाऱ्या मजूर स्त्रीची बोटे, खडूच्या धुळीत वावरणाऱ्या शिक्षकाचे तळहात आणि वसतिगृहातील विद्यार्थ्याचे फुटलेले गाल ही एकाच हवेची देणगी होय.

या तक्रारीवरचा उपाय आज अत्यंत सुलभ झाला आहे. कोपऱ्यावरच्या ‘मेडिकल’मध्ये जावे, ‘अंग कोरडे पडते, खाज सुटते, काहीतरी द्या’ असे म्हणावे आणि काउंटरवरून सरकवलेली लहानशी ट्यूब घेऊन घरी यावे. या व्यवहारात चिठ्ठी नसते, तपासणी नसते, आणि पुष्कळदा ट्यूबवर काय लिहिले आहे हे वाचण्याची तसदीही कोणी घेत नाही. चार दिवसांत खाज थांबते; मग तीच ट्यूब बहिणीला, भावजयीला, शेजाऱ्याच्या लहान मुलालाही दिली जाते. व्यवहार छोटा आहे, रक्कम किरकोळ आहे. म्हणूनच त्याचा विचार कोणी करीत नाही. परंतु ज्या वस्तूला खरोखर औषध म्हणावयाचे ती या व्यवहारात प्रसाधनाच्या सहजतेने वापरली जाते, आणि ज्या साध्या स्निग्ध पदार्थाची त्वचेला खरी गरज असते तो मात्र मागे पडतो. या उलट्या हिशेबाची किंमत पुढे अनेकांना चेहऱ्याने आणि प्रकृतीने मोजावी लागते.

प्रथम त्वचा कोरडी पडते म्हणजे काय होते, हे पाहणे अगत्याचे आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर निर्जीव पेशींचा असतो. विटांच्या भिंतीत चुना भरावा त्याप्रमाणे या पेशींच्या फटींतून स्निग्ध द्रव्ये भरलेली असतात. आतील पाणी बाहेर जाऊ न देणे आणि बाहेरील जंतू व दाहक द्रव्ये आत येऊ न देणे, हे या भिंतीचे काम. कोरडी हवा, वाढते वय, कढत पाण्याची अंघोळ आणि कपडे धुण्याच्या साबणाचा अंगासाठी होणारा वापर यांनी फटींतला चुना धुपतो. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तर सामान्य साबण अल्कधर्मी असतो. भिंत अशी खिळखिळी झाली की पाणी उडून जाते, त्वचा आक्रसते, खाज सुटते, खाजविल्याने आणखी ओरखडे पडतात आणि चक्र सुरू होते.

या भिंतीची डागडुजी औषधाने होत नाही. ती स्निग्धतेने आणि ओलाव्याने होते. पूर्वीच्या पिढ्यांना तिचे शास्त्र ठाऊक नव्हते, पण व्यवहार ठाऊक होता. अंघोळीपूर्वी अंगाला तेल चोळणे, ओठांना तूप किंवा लोणी लावणे, टाचांच्या भेगांत आमसुलाचे तेल वितळवून भरणे या सर्व रीतींमागे तेच तत्त्व होते. आजचे साधे पेट्रोलियम जेली, ग्लिसरीनयुक्त क्रीम किंवा खोबरेल तेल हेच काम करते. पेट्रोलियम जेली पाणी उडू देत नाही, ग्लिसरीन ते धरून ठेवते. अंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात करावी, अंग खसखसा न पुसता टिपावे, आणि त्वचा किंचित ओली असतानाच स्निग्ध मलम सढळ हाताने लावावे, हा या उपचाराचा गाभा आहे. रोगरहित कोरड्या त्वचेसाठी बहुतेकांना याहून अधिक काही लागत नाही. गरज असते ती सातत्याची.

मग औषधी मलमांचे स्थान कोणते? ते आहे, आणि महत्त्वाचे आहे. केवळ ‘औषधी क्रीम’ या एका शब्दाखाली बाजारात परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या वस्तू एकत्र नांदतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे. एका ट्यूबमध्ये युरिया असतो. 5 ते 10 टक्के प्रमाणात तो त्वचेत पाणी धरून ठेवतो. परंतु 20 टक्के व त्याहून अधिक प्रमाणात जाड, निबर कातडी विरघळविण्याचे काम करतो. दुसरीत सॅलिसिलिक आम्ल असते. तेही खवले सोडविते, पण मोठ्या भागावर किंवा लहान मुलांच्या अंगावर लावल्यास रक्तात शोषले जाण्याचा धोका असतो. तिसरीत जंतुनाशक असते, चौथीत बुरशीनाशक. आणि पाचवीत स्टिरॉइड असते. दिसायला सर्व पांढरी, मऊ, सुवासिक. यांतील कोणती वस्तू हाती पडली हे ग्राहकाला रंगावरून, वासावरून किंवा स्पर्शावरून मुळीच कळत नाही.

यांपैकी सर्वाधिक उपकारक आणि सर्वाधिक दुरुपयोग झालेले द्रव्य म्हणजे स्टिरॉइड. कॉर्टिझोनवरील संशोधनासाठी केंडाल, राइकस्टाइन आणि हेंच या तिघांना 1950 चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि 1952 मध्ये त्वचेवर लावण्याच्या हायड्रोकॉर्टिझोनचा यशस्वी उपयोग नोंदला गेला. त्यानंतर इसब, सोरायसिस, ॲलर्जीचे दाह यांनी वर्षानुवर्षे पिडलेल्या रुग्णांचे आयुष्य सुसह्य झाले. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. ‘स्टिरॉइड’ हा शब्द ऐकताच घाबरून डॉक्टरांनी दिलेले मलमही न लावणारे पालक आपल्या मुलाच्या इसबाचे हाल वाढवितात, हेही खरे. प्रश्न द्रव्याचा नाही. कोणते द्रव्य, किती तीव्रतेचे, शरीराच्या कोणत्या भागावर, किती दिवस, आणि कोणाच्या सांगण्यावरून, हा तो प्रश्न आहे.

क्लोबेटासॉलसारखे अतितीव्र स्टिरॉइड सलग दोन आठवड्यांहून अधिक काळ आणि आठवड्याला 50 ग्रॅमहून अधिक वापरू नये, असा त्याच्या वापराचा मान्य दंडक आहे; चेहरा, काख आणि जांघ येथे तर ते एरवी टाळावयाचे असते. आपल्याकडे मात्र तेच द्रव्य असलेली ट्यूब चेहऱ्यावर महिनोन् महिने लावली जाते. परिणामी त्वचा पातळ होते, तिच्याखालील रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, चेहऱ्यावर लव वाढते. मांड्यांवर, दंडांवर कायमचे पांढरे-लाल वळ पडतात. डोळ्यांभोवती वापर झाल्यास काचबिंदू व मोतीबिंदूचा संभव असतो. लहान मुलांत औषध अंगात शोषले जाऊन वाढीवर परिणाम होऊ शकतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे ते एकाएकी बंद केले की चेहरा लाल होऊन आगीसारखा जळतो. त्या दाहावर उतारा म्हणून रुग्ण पुन्हा तीच ट्यूब उघडतो. व्यसनाची रीत याहून निराळी नसते.

ही भीती काल्पनिक नव्हे. देशातील 12 त्वचारोग केंद्रांत झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्यावर स्टिरॉइड लावीत असल्याचे आढळले. त्यांतील दर दहांपैकी सुमारे सहा जणांना ते डॉक्टरांखेरीज दुसऱ्याच कोणी सुचविलेले होते आणि दहांपैकी नऊ जणांच्या चेहऱ्यावर दुष्परिणाम दिसत होते. हा केवळ चेहऱ्याचा हिशेब झाला.

गजकर्णाची कथा आणखी गंभीर आहे. कोरड्या, खाजऱ्या, गोलाकार चट्ट्याला लोक ‘कोरडेपणा’ समजतात. स्टिरॉइडने त्याची लाली व खाज लगेच उतरते, पण बुरशीला मोकळे रान मिळते आणि चट्टा कडेने पसरत जातो. स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकाच ट्यूबमध्ये घोटलेली मिश्रणे या देशात वर्षानुवर्षे मुबलक खपली. त्यांच्या बेसुमार वापराने गजकर्ण हट्टी बनण्यास मोठा हातभार लावला, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. 2020 मध्ये जपानमधील संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांत सापडलेल्या अशा एका बुरशीला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव दिले. नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या या बुरशीचे रुग्ण 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्येही नोंदले गेले. काउंटरवरचा किरकोळ व्यवहार किती दूरवर पोचतो, याचे हे उदाहरण होय.

येथे अर्थशास्त्राचा एक जुना विचार उपयोगी पडतो. केनेथ ॲरो यांनी 1963 मध्ये आणि जॉर्ज अकेरलॉफ यांनी 1970 मध्ये दाखवून दिले की, विकणाऱ्याला वस्तूची माहिती आहे आणि घेणाऱ्याला नाही, अशा ठिकाणी बाजार नेहमीप्रमाणे चालत नाही. अकेरलॉफ यांचे उदाहरण जुन्या मोटारींच्या बाजाराचे होते, ॲरो यांचा विषय वैद्यकीय सेवेचाच होता. सामान्य वस्तूंच्या बाबतीत अनुभव हा ग्राहकाचा गुरू असतो. चहा बेचव निघाला तर पुढच्या खेपेस दुकान बदलता येते. औषधी मलमाच्या बाजारात मात्र हा गुरू खोटे शिकवितो. जी ट्यूब अंती अपाय करणार असते, तीच पहिल्या आठवड्यात सर्वांत गुणकारी वाटते. आणि जे साधे स्निग्ध मलम खरोखर उपयोगी, त्याचा गुण सावकाश, पंधरा दिवसांनी दिसतो. ग्राहक समाधानी, म्हणून दुकानदार समाधानी, म्हणून उत्पादक समाधानी. आणि अपाय प्रकट होतो तेव्हा त्याचा संबंध त्या ट्यूबशी जोडण्याचे कोणाला सुचत नाही. अशा बाजाराला ग्राहकाच्या निवडीवर सोडून भागत नाही. तेथे नियम लागतो आणि ज्ञान लागते.

नियमाच्या बाजूने काही पावले पडली, हे मान्य केले पाहिजे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत अशा औषधांची ‘एच’ ही अनुसूची औषधे व प्रसाधने नियमांत पूर्वीपासून होती. परंतु अंगावर लावण्याच्या औषधांना तिच्यातून पळवाट होती. मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टिरॉइडांच्या बाबतीत ही पळवाट बुजविली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात 328 निश्चित-मिश्रण औषधांवर बंदी आली. त्यांत अशी काही त्वचेची मलमेही होती. कागदावर प्रश्न सुटला. प्रत्यक्षात मात्र ‘ती मागच्या वेळची ट्यूब द्या’ एवढ्या शब्दांवर आजही पुष्कळ ठिकाणी काम भागते. महाराष्ट्राने या बाबतीत एक अनुभव घेतलेला आहे. महेश झगडे हे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी चिठ्ठी आणि औषधनिर्मात्याची दुकानातील उपस्थिती यांचा आग्रह धरला, तेव्हा विक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवून विरोध केला होता. नियम करणे सोपे, तो काउंटरपर्यंत पोचविणे कठीण.

याच संदर्भात गोरेपणाच्या मोहाचा उल्लेख टाळता येत नाही. कारण कोरड्या त्वचेचे क्रीम आणि उजळपणाचे क्रीम यांच्यातील अंतर ग्राहकाच्या मनात फार थोडे असते. भुसावळच्या पुढे त्याच लोहमार्गावर अकोला लागते. तेथील एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे आणि त्यांनी वापरलेल्या उजळपणाच्या क्रीममध्ये पारा सापडल्याचे वृत्त 2023 च्या आरंभी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातून आले. त्याच वर्षी केरळमधील डॉक्टरांनी अशा क्रीमांचा मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराशी असलेला संबंध प्रसिद्ध केला. डोळ्यांची प्रसाधने सोडली, तर इतर प्रसाधनांत अनवधानाने आलेला पाराही दहा लाखांत एक भाग यापेक्षा अधिक असू नये, असा नियम आहे. ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, घटकद्रव्ये आणि मुदत नाही, ती डबी कितीही गुणकारी म्हणून सांगितली गेली तरी घरात आणू नये.

आता एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. चोपडा, शिरपूर, साक्री या तालुक्यांतील सातपुड्याच्या किंवा सह्याद्रीच्या कडेच्या गावातून त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी, एस.टी.चे भाडे आणि तपासणीची फी असा खर्च होतो. त्यापेक्षा काउंटरवरची ट्यूब गरिबाला परवडते. चिठ्ठीचा आग्रह धरणे म्हणजे गरिबाच्या तोंडचा उपाय काढून घेणे नव्हे काय? या युक्तिवादात हिशेबाची एक चूक आहे. तो आजचा खर्च मोजतो आणि उद्याचा मोजत नाही. बिघडलेले गजकर्ण बरे होण्यास महिनोन् महिने औषध लागते, ते घरातील सर्वांना होते, आणि त्याचा खर्च पहिल्या तपासणीच्या कितीतरी पट होतो. दुसरे असे की, केवळ कोरड्या त्वचेसाठी ना चिठ्ठी लागते, ना तज्ज्ञ. खोबरेल तेलाची बाटली किंवा पेट्रोलियम जेलीची डबी कोणीही विकत घेऊ शकतो. आणि औषधाचीच गरज असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात 2018 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि ‘ई-संजीवनी’ ही दूरध्वनीवरून डॉक्टरांचा सल्ला देणारी शासकीय सेवाही आहे. या सोयी अपुऱ्या आहेत, हे मान्य. परंतु अपुऱ्या सोयींवरचा उपाय त्या वाढविणे हा आहे, घातक ट्यूब सुलभ ठेवणे हा नव्हे.

औषधी मलम वापरण्याची वेळ आलीच, तर काही साधे दंडक घरोघरी ठाऊक असावेत. पहिला दंडक वाचण्याचा. ट्यूबवर तांबडी उभी रेघ किंवा चिठ्ठीवाचून विकू नये अशी सूचना असेल, तर ते प्रसाधन नव्हे. नावापेक्षा घटक पाहावेत. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, हायड्रोकॉर्टिझोन ही नावे दिसली की ते स्टिरॉइड आहे असे समजावे. इंग्रजी मुळाक्षरे वाचता येणाऱ्या कोणालाही हे जमण्यासारखे आहे.

दुसरा दंडक मात्रेचा. 1991 मध्ये दोन ब्रिटिश डॉक्टरांनी यासाठी बोटाच्या पेराचे माप सुचविले. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत ट्यूबमधून काढलेली मलमाची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. तेवढे मलम बोटांसह दोन तळहातांइतक्या भागाला पुरते. औषधी मलम असे मोजून, केवळ बाधित भागावर, सांगितलेल्या दिवसांपुरतेच लावावे. साधे स्निग्ध मलम मात्र सर्वांगाला, दिवसातून दोनदा, सढळ हाताने लावावे. त्याचा खप औषधी मलमाच्या सुमारे दहापट असावा. दोन्ही लावायची असल्यास मध्ये अर्ध्या तासाचे अंतर ठेवणे बरे. लावण्यापूर्वी हात धुवावेत, आणि हातावरच उपचार नसेल तर नंतरही धुवावेत. पाण्यात बोट बुडवावे तसे डबीत पुन्हा पुन्हा बोट न घालता स्वच्छ चमच्याने मलम काढावे.

तिसरा दंडक जागेचा आणि वयाचा. युरिया किंवा सॅलिसिलिक आम्लाचे मलम चिरलेल्या, रक्ताळलेल्या भेगेत भरू नये. तेथे ते झोंबते. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी कोणतेही औषधी मलम विचारल्याशिवाय वापरू नये. नवे मलम प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडेसे लावून एक-दोन दिवस पाहावे. निओमायसिनसारख्या जंतुनाशकाची किंवा सुगंधाचीही ॲलर्जी होऊ शकते. मधुमेहींनी तळपायांना व टाचांना स्निग्ध मलम अवश्य लावावे, परंतु बोटांच्या बेचक्यांत लावू नये, कारण तेथील ओल बुरशीला पोसते. भेगेची कातडी ब्लेडने कापण्याचा प्रयोग त्यांनी कधीही करू नये.

चौथा दंडक आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही. पॅराफिन असलेली मलमे कपड्यांत, चादरींत मुरतात आणि असे कापड ठिणगी लागताच झपाट्याने पेटते. ब्रिटनच्या औषध नियामकांनी आगीत झालेल्या मृत्यूंनंतर 2008 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये याविषयी जाहीर इशारे दिले. ज्या घरांत चूल आहे, शेकोटी आहे, अंथरुणावर बसून बिडी ओढण्याची सवय आहे, त्या घरांनी तर हा इशारा अधिकच मनावर घ्यावा. अंगाला मलम लावून आगीजवळ बसू नये आणि मलम लागलेले कपडे वेळच्या वेळी गरम पाण्याने धुवावेत.

यापलीकडे एक प्रश्न उरतो, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. प्रत्येक कोरडेपणा हा कोरडेपणाच असतो असे नाही. शेतात, बांधावर माजलेल्या गाजर गवताच्या स्पर्शाने व हवेतून उडणाऱ्या कणांनी चेहरा, मान आणि कोपरांच्या घडीतील त्वचा जाड, काळवंडलेली, खाजरी होते. 1956 च्या सुमारास पुण्यात प्रथम लक्षात आलेले हे तण आज सर्वत्र आहे. तेथे मलमापेक्षा गवतापासून दूर राहणे हा उपचार. सर्वांगाची सततची खाज आणि कोरडेपणा मागे मधुमेह, थायरॉइडचा दोष किंवा मूत्रपिंडाचा विकार लपलेला असू शकतो. आणि ज्या फिकट किंवा लालसर चट्ट्यावर घाम येत नाही, जो कोरडा आहे आणि ज्यावर टोचले तरी कळत नाही, तो कुष्ठरोगाचा असण्याचा संभव असतो. कुष्ठरोग बहुविध औषधोपचाराने पूर्णपणे बरा होतो आणि हा उपचार शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतो. अशा चट्ट्यावर वर्षभर क्रीम चोळीत बसणे म्हणजे बऱ्या होणाऱ्या रोगाला हातापायांचे व्यंग निर्माण करण्यास अवधी देणे होय. साध्या स्निग्ध मलमाने पंधरवड्यात उतार न पडल्यास तिसरी ट्यूब शोधण्याऐवजी डॉक्टरांकडे जावे, हा म्हणूनच शहाणपणाचा मार्ग. जे आधीच महिनोन् महिने स्टिरॉइड लावीत आहेत, त्यांनीही ते मनाने एकदम न थांबविता किंवा तसेच चालू न ठेवता, वैद्यकीय सल्ल्याने क्रमाक्रमाने सोडावे.

शासनाच्या हाती यात काय आहे? औषध आणि प्रसाधन यांतील रेषा कर आकारणीसाठी आखताना शासन फार काटेकोर असते. पेंढारकर कुटुंबाच्या ‘विको’चे हळदीचे क्रीम औषध की प्रसाधन, हा अबकारी कराचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ते औषध ठरले. तीच रेषा ग्राहकाच्या संरक्षणासाठी मात्र पुसट राहते. सप्टेंबर 2025 मध्ये वस्तू व सेवा कराची फेररचना झाली तेव्हा सर्वसाधारण औषधांवरील कर 5 टक्क्यांवर आला, ही स्वागतार्ह गोष्ट. परंतु प्रसाधन म्हणून विकल्या जाणाऱ्या साध्या क्रीमवर 18 टक्के कर कायम राहिला. म्हणजे अपाय करू शकणारी ट्यूब कमी कराची आणि निरुपद्रवी डबी अधिक कराची. सुगंध व जाहिरातबाजीविरहित साध्या स्निग्ध मलमांना कमी कराच्या वर्गात घेणे आणि ती जनऔषधी केंद्रांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत मुबलक ठेवणे, यास फार मोठा खर्च येणार नाही. त्याबरोबर स्टिरॉइडच्या ट्यूबवर ‘हे चेहऱ्यावर लावण्याचे क्रीम नाही’ असे ठळक मराठीत छापले जावे आणि चिठ्ठीच्या नियमाची तपासणी तालुक्याच्या गावांतही व्हावी.

परंतु सर्वच भार शासनावर टाकून चालणार नाही. ट्यूबवरील अक्षरे वाचू शकणारा वर्ग खानदेशात आता लहान राहिलेला नाही. शाळेत आरोग्याचा तास असतो. त्या तासाला एका रिकाम्या ट्यूबवरील घटक फळ्यावर लिहून समजावून सांगणे हे शिक्षकाला सहज साध्य आहे. वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी एकमेकांची क्रीमे वापरणे थांबवावे. कचेरीतील कारकून आपल्या गावाकडच्या नातेवाइकांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणाहून ‘ती नेहमीची ट्यूब’ घेऊन जातो. त्याने जाण्यापूर्वी ती एकदा वाचावी, आणि तिच्यावर तांबडी रेघ असेल तर तिच्याऐवजी सल्ला न्यावा. साक्षरतेचा उपयोग अर्ज लिहिण्यापुरता नसतो. घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला तिचे नाव विचारण्यासाठीही ती असते.

खानदेशची हवा बदलणार नाही. उन्हाळे कोरडे राहतील, हिवाळ्यात टाचा फुटतील, आणि त्यांवर उपाय शोधला जाईल. तो उपाय साधा, स्वस्त आणि निर्धोक आहे, हे सुदैव आहे. तो विसरून तीव्र औषधाच्या मागे लागण्याची सवय अलीकडची आहे. आणि अलीकडे लागलेली सवय मनावर घेतल्यास सुटूही शकते.